मध्यममार्गाची कसोटी

अमेरिकेंतील डेमोक्रॅटिक पक्षानें २००० सालीं ज्यांस उपाध्यक्षपदासाठीं उभें केलें, त्या जोसेफ लीबरमन यांस २००६ सालीं त्याच पक्षाच्या कनेक्टिकटांतील मतदारांनीं उमेदवारी नाकारली. कारण, इराकच्या युद्धाचा त्यांनीं घेतलेला कैवार. हे कायदेपंडित गृहस्थ डगमगले नाहींत; स्वतंत्र उभे राहून सेनेटांत परतले. २००९ सालीं आरोग्यविधेयकास त्यांचें साठावें मत हवें होतें. तें देण्यापूर्वीं सरकारी विम्याचें कलम त्यांनीं गाळावयास लावलें. उलट, उघडपणें समलिंगी असणाऱ्यांस सैन्याची दारें बंद करणारा कायदा २०१० सालीं रद्द करविण्यांत तेच अग्रेसर होते. २०२४ सालीं ते निवर्तले. पक्षाची वेसण झुगारणें हा गुण खरा. पण तो कोणत्या कार्यीं लागला, हेंच शेवटीं पाहावयाचें. मध्यें उभा राहणारा न्यायाच्याच बाजूस असतो, असें नाहीं.