‘हो’ म्हणू नका, ‘नाही’सुद्धा म्हणू नका

फर्स्ट इयरला ‘सी’ शिकवायच्या आधी आपल्याकडून फ्लोचार्ट काढून घेतात. वर ‘स्टार्ट’चा लंबगोल, मध्ये प्रश्नांचे चौकट, प्रत्येक चौकटातून ‘यस’ आणि ‘नो’चे दोन बाण आणि तळाशी ‘स्टॉप’. ‘स्टॉप’ काढायला विसरलं की मॅडम लाल पेनने अर्धा मार्क उडवतात. फोनवरून काहीबाही गळ्यात मारणाऱ्यांच्या समोरही असाच एक कागद असतो. ते त्याला स्क्रिप्ट म्हणतात, पण असतो तो फ्लोचार्टच. फरक एवढाच की त्यात ‘स्टॉप’ मुद्दाम काढलेलाच नसतो. ‘यस’चा बाण तुमच्या पैशांकडे जातो आणि ‘नो’चा बाण फिरून परत वरच्या चौकटात शिरतो. “नको” म्हणालात की “का नको सर?”, “पैसे नाहीत” म्हणालात की “म्हणूनच तर हप्ते आहेत सर!”, “घरी विचारतो” म्हणालात की “ऑफर फक्त आजच आहे सर!” कॉल सेंटरवाले या उलट उत्तरांना ‘रिबटल’ म्हणतात, आणि ती ट्रेनिंगमध्ये आपल्या व्हायव्हाच्या उत्तरांसारखी घोकून घेतली जातात.

तेव्हा मित्रांनो, या लूपमधून बाहेर पडायला चांगलं उत्तर शोधत बसू नका. कुठलंही उत्तर म्हणजे त्याच्या प्रोग्रामला इनपुट. फोन ठेवायचा. ‘थँक यू’ न म्हणता, कारण न सांगता, वाक्य अर्धं तोडून. हे उद्धट वाटतं ना? तेच तर त्यांचं भांडवल आहे.

या धंद्याचा नमुना बघायचा तर अमेरिकेतला बघावा, आणि तोही चक्क मासिकांचा. तिकडे फोनवरून मासिकांची वर्गणी विकण्याचा धंदा कित्येक दशकं जुना आहे. त्यात प्रामाणिक लोकही होते, नाही असं नाही. पण लबाडांचा फोन कधीच “मासिक घेता का?” असा सुरू होत नाही. तो सुरू होतो “अभिनंदन!” असा, नाहीतर “एक छोटासा सर्व्हे आहे” असा, नाहीतर “तुम्ही आमचे जुने ग्राहक, म्हणून आभार मानायला फोन केला” असा. मग हळूच, चार-पाच मासिकं जवळजवळ फुकट, आठवड्याला फक्त तीन डॉलर नव्वद सेंट. चहा-कॉफीचा खर्च!

आता कॅल्क्युलेटर काढा. ३.९० गुणिले ५२ म्हणजे वर्षाला २०२ डॉलर ८० सेंट. आणि वर्गणी एका वर्षाची नसतेच, पाच वर्षांची असते. झाले १,०१४ डॉलर. ‘आठवड्याला’ हा शब्द वाक्यात का घातला ते कळलं? शिवाय पाच वर्षांची रक्कम वसूल करायची ती सुरुवातीच्या महिन्यांतच मोठ्या हप्त्यांनी. आपल्याला युनिट कन्व्हर्जनमध्ये चूक केली की शून्य मार्क मिळतात, यांना कमिशन मिळतं.

शेवटी येतो रेकॉर्डिंगचा भाग. पहिली दहा-पंधरा मिनिटं जी गोड बडबड झाली ती बऱ्याचदा रेकॉर्ड होत नाही. मग “आता फक्त पत्ता कन्फर्म करायचाय, मी विचारेन त्याला ‘यस’ म्हणा” असं सांगून शेवटचं मिनिटभर रेकॉर्ड होतं. नंतर ग्राहकाने तक्रार केली की तेवढंच ऐकवतात. ऐका, आवाज तुमचाच आहे ना?

कायदा नाही असं नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा टेलिमार्केटिंगचा नियम १९९५ सालचा आहे. आपण कोण, फोन विकण्यासाठी केलाय, आणि एकूण किंमत किती, हे पैसे घ्यायच्या आधी सांगायलाच हवं असं तो म्हणतो. २००३ मध्ये ‘डू नॉट कॉल’ यादीही आली. पण एक गंमत बघा. दारावर येऊन कुणी काही विकलं तर तीन दिवसांत सौदा मोडायचा हक्क तिथल्या केंद्रीय नियमाने दिलाय, पण संपूर्ण सौदा फोनवर झाला तर तो नियम लागूच होत नाही. दारावरच्या माणसाचा चेहरा तरी दिसतो. ज्याचा चेहराही दिसत नाही त्याच्या बाबतीत मात्र ग्राहकाला विचार बदलायची मुभा नाही!

ऑक्टोबर २०२० मध्ये मिनेसोटा राज्यात सरकारी वकिलांनी असल्याच एका मासिक प्रकरणात साठ जणांवर आरोप ठेवले. रक्कम होती सुमारे ३० कोटी डॉलर, आणि फसलेले लोक दीड लाखाहून जास्त, त्यातले बहुतेक म्हातारे. पद्धत मात्र अगदी साधी. आधीच कुठल्यातरी मासिकाची वर्गणी भरणाऱ्या लोकांच्या याद्या विकत घ्यायच्या. मग फोन करून “आम्ही तुमच्या मासिक कंपनीतूनच बोलतोय, तुमचा महिन्याचा हप्ता कमी करून देतो” असं सांगायचं. प्रत्यक्षात जुनी वर्गणी तशीच, वर एक नवी वर्गणी सुरू. मग तीच यादी दुसऱ्याला विकायची, तो तिसऱ्याला. एकेका आजीबाईंच्या खात्यातून एकाच वेळी कितीतरी कंपन्या पैसे काढायच्या. आणि कळस म्हणजे काही जण “तुमच्या सगळ्या वर्गण्या बंद करून देतो, एकदाच एवढे भरा” असं सांगून पुन्हा लुबाडायचे. म्हणजे रोगही आमचा, औषधही आमचंच.

या प्रकरणात ज्याने एकदा फोनवर ऐकून घेतलं, त्याचं नाव यादीत गेलं. ‘ऐकून घेणारा माणूस’ हाच विकाऊ माल होता, मासिकं केवळ निमित्त. म्हणून आपल्या हॉस्टेलमधले काही हुशार लोक जे करतात ते मला पटत नाही. लोनवाल्याचा फोन आला की स्पीकरवर टाकायचा, “किती कोटी देताय?” विचारायचं, अर्धा तास फिरवायचं, सगळी विंग खिदळतेय. मजा येते, कबूल. पण त्या यादीत तुमच्या नंबरापुढे शेरा काय पडणार? उचलतो, बोलतो, वेळ देतो. उद्या आणखी चार फोन. बरं, वेळ कोणाचा गेला? त्याला पगार चालू होता, तुमचं सबमिशन राहिलं.

आणि खरा प्रश्न हॉस्टेलचा नाहीच, घरचा आहे. आपल्याकडे समोरच्याचं बोलणं अर्ध्यात तोडणं म्हणजे वळण नसणं. दारावर आलेल्या सेल्समनलासुद्धा “आधी पाणी घ्या” म्हणणारी आपली माणसं. नातवंडं सांभाळायला न्यू जर्सीला जाणारे आजी-आजोबा दिवसभर घरी एकटे असतात, फोन वाजला की उचलतात, आणि कुणी गोड इंग्रजीत “हाऊ आर यू टुडे?” विचारलं की खरोखरच कसे आहोत ते सांगायला लागतात. इथे सांगली-साताऱ्याला राहिलेल्या आजोबांची गतही वेगळी नाही. इथे मासिकाऐवजी विमा आहे, एवढंच. “विमा नियामक प्राधिकरणातून बोलतोय, तुमच्या बंद पडलेल्या पॉलिसीवर बोनस अडकलाय, तो सोडवायला एक नवी पॉलिसी घ्यावी लागेल.” हे प्राधिकरण कुठलीही पॉलिसी विकत नाही, बोनस जाहीर करत नाही, हे त्यांनी स्वतः पुन्हा पुन्हा जाहीर सूचना काढून सांगितलंय. पण ‘प्राधिकरण’ शब्द ऐकला की आजोबा खुर्चीत सरसावून बसतात.

एक बरं आहे, विम्यात परतीचा रस्ता आहे. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ती परत करायला पूर्वी साधारण पंधरा दिवस मिळायचे, २०२४ च्या नियमांनी ते तीस झाले. घरी अशी पॉलिसी येऊन पडली असेल तर आधी तारीख बघा, आजोबांना रागवायचं नंतर.

आपल्या देशातल्या नियमांबद्दल थोडक्यात. ‘ट्राय’ची डू नॉट कॉल नोंदवही २००७ पासून आहे. २०१० चे नियम सप्टेंबर २०११ मध्ये लागू झाले, २०१८ मध्ये पुन्हा नवे आले. १९०९ वर मेसेज केला की जाहिरातीचे फोन बंद करता येतात, तक्रारही तिथेच. २०२५ च्या सुधारणेनंतर तक्रारीला तीनऐवजी सात दिवस मिळतात. विक्रीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून, आणि बँका-विमा कंपन्यांचे सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून, अशी वाटणीही झालीय. हे सगळं जरूर करा. पण ही यादी पाळतो तो नोंदणी केलेला टेलिमार्केटर. जो साध्या दहा आकडी मोबाईलवरून फोन करून खोटंच बोलणार आहे, तो तुमची डू नॉट कॉलची विनंती वाचून माघारी फिरणार आहे थोडाच? कुंपण असावं, पण कुंपण आहे म्हणून दार उघडं टाकू नये.

“पण खरा फोन असला तर?” हा प्रश्न घरचे हमखास विचारतात. त्याचं उत्तर सोपं आहे. फोन ठेवा, आणि पासबुकावर, कार्डाच्या मागे किंवा पॉलिसीच्या कागदावर छापलेल्या नंबरवर आपण फोन करा. फोनवाल्याने सांगितलेल्या नंबरवर नाही. काम खरं असेल तर पाच मिनिटांनीही खरंच असणार. खऱ्या बँकेला तुम्ही मध्येच फोन ठेवल्याचा राग येत नाही. राग येतो, आवाज चढतो, “सर तुम्ही असं कसं करू शकता” सुरू होतं, ते दुसऱ्याच बाजूला.

दिवाळीत घरी गेलात की आणखी एक काम करा. आईबाबांच्या, आजोबांच्या मोबाईलमधल्या यूपीआय अॅपमध्ये ‘ऑटोपे’ असतं, ते उघडून बघा. दरमहा आपोआप पैसे कापायची परवानगी कुणाकुणाला दिलीय त्याची यादी तिथे दिसते, आणि नको असलेली तिथूनच रद्द करता येते. कार्डावरच्या अशा कापाकापीला ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने सुरुवातीला ओटीपी आणि पैसे कापायच्या चोवीस तास आधी सूचना बंधनकारक केलीय. पण तो सूचनेचा मेसेज इंग्रजीत, आणि चष्मा दुसऱ्या खोलीत.

आता राहिला एक मुद्दा, आणि तो आपल्या कॉलेजात नाजूक आहे. “अरे, फोन करणाराही पोटासाठीच करतो ना, त्याचा अपमान कशाला?” बरोबर आहे. त्याला शिव्या देऊ नका, शिव्या देणं हेही इनपुटच. पण पोटासाठी म्हणजे सगळं माफ असंही नाही. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून अमेरिकन लोकांना “टॅक्स ऑफिसातून बोलतोय, आत्ता पैसे भरा नाहीतर अटक” असे फोन जायचे. सत्तरेक जणांना अटक झाली, शेकडो कर्मचाऱ्यांची चौकशी झाली. त्यात आपल्याच वयाची पोरं होती, इंग्रजी बऱ्यापैकी, पगार बरा, रात्रपाळी, घरून पिकअप. मिनेसोटातल्या त्या साठ जणांतही फक्त मालक नव्हते. मॅनेजर होते, याद्या विकणारे दलाल होते, आणि समोरचा कागद वाचून दाखवणारे टेलिमार्केटरही होते. “मी फक्त स्क्रिप्ट वाचत होतो” हे उत्तर तिथे चाललं नाही.

केटी लागल्यावर, किंवा कॅम्पसला नंबर लागला नाही की, मधल्या सहा महिन्यांसाठी ‘व्हॉइस प्रोसेस’ पकडणारे आपल्यात दरवर्षी असतात. त्यात कमीपणा काहीच नाही, कितीतरी कॉल सेंटरं चोख काम करतात. पण जॉइन व्हायच्या आधी स्क्रिप्ट मागून घ्या आणि सबमिशनची फाईल तपासतात तशी तपासा. पहिल्या ओळीत कंपनीचं खरं नाव आहे का? एकूण रक्कम कितव्या ओळीत येते, आणि ती आठवड्याच्या भाषेत आहे की वर्षाच्या? गिऱ्हाईक ‘नको’ म्हणालं की बाण कुठे जातो? मागूनही स्क्रिप्ट दाखवायला तयार नसतील, तर तेवढ्यावरच उठून या. मीरा रोडवरून परतीची लोकल मिळते.