बोलविता धनी कोण?

पुस्तक वाचून, अथवा न वाचताही, कोणी दगड उचलला तर त्याचा हिशेब प्रकाशकाकडे मागावा काय, हा प्रश्न महाराष्ट्रात पुनःपुन्हा उपस्थित होतो. आणि त्याची दोन ठरावीक उत्तरे तयार असतात. एक पक्ष म्हणतो, सारा दोष छापणाराचा. दुसरा म्हणतो, शाई वाळली की छापणाराचा संबंध संपला. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे विचाराचे कष्ट चुकविण्यासाठीच शोधलेली आहेत.

प्रथम पहिल्या पक्षाचा समाचार घेऊ. जुन्नर तालुक्यात आळेफाट्यानजीक आळे हे गाव आहे. ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदविले अशी कथा आहे, त्याची समाधी तेथे दाखवितात. त्या कथेत बोलणारा रेडा आणि बोलविता धनी निराळा, हे पोरासही समजते. परंतु वाचक म्हणजे काही रेडा नव्हे! त्याला स्वतःची बुद्धी आहे, आणि म्हणूनच त्याच्या कृत्याचा धनीही तो स्वतःच आहे.

१८९७ साली वाचकाचे हे धनीपण विसरले गेले. त्या वर्षीच्या १५ जूनच्या ‘केसरी’त अफझलखानाच्या वधाचे समर्थन करणाऱ्या भाषणाचा वृत्तांत आला, आणि २२ जूनच्या रात्री प्लेग-अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास एकच गाठ पडली. टिळकांवर खटला झाला तो राजद्रोहाचा. खुनाचा आरोप त्यात नव्हता. परंतु त्या खुनाची छाया न्यायासनापर्यंत पोहोचली नव्हती, असे कोण म्हणेल? न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीस सांगितला. सहा युरोपियनांनी दोषी व तीन हिंदी गृहस्थांनी निर्दोषी ठरविले. आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुण्यातील संतापाचे मूळ घराघरांत शिरलेल्या सोजिरांत शोधावयाचे, ते छापखान्यात शोधले गेले.

मग दुसरा पक्ष खरा मानावा काय? तेही नाही. जर्मनीतील ज्युलियस स्ट्रायखर हा एका साप्ताहिकाचा चालक. त्याने स्वहस्ते कोणाचा वध केल्याचा आरोप नव्हता. तरीही ज्यूंचा संहार चालू आहे हे ठाऊक असताना त्याने त्या संहाराचीच मागणी छापली, म्हणून न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने त्यास दोषी ठरविले आणि १९४६ साली त्यास फाशी देण्यात आले. वाचकाने काय केले यापेक्षा प्रकाशकाने त्यास काय करावयास सांगितले, हे येथे निर्णायक ठरते. अमक्यांना मारा असे छापणारा हा मारणाराचा भागीदारच होय.

परंतु या दोन टोकांच्या मध्ये एक मोठा प्रदेश आहे, आणि आमचे खरे भांडण तेथेच आहे. ज्या तालुक्यात आळेफाटा आहे, त्याच तालुक्यातील शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. त्यांच्यावरील जेम्स लेन यांचे पुस्तक २००३ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. महाराजांच्या घराण्याविषयीची एक ऐकीव कुजबूज त्यात कोणत्याही पुराव्यावाचून छापली गेली. इतिहासपंडितांनी निषेध केला, आणि नोव्हेंबरात प्रकाशकाने पुस्तक परत घेतले. डिसेंबरात पुण्यातील एका विद्वानाच्या तोंडास काळे फासण्यात आले. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला आणि पोथ्या, ग्रंथ व चित्रे यांची नासधूस झाली. लेखकाने तेथे अभ्यास केला आणि पुस्तकात तेथील विद्वानांचे आभार मानले, एवढाच काय तो अपराध! चोर सोडून संन्याशाला सुळी देणे याहून निराळे काय असते? शिवाय जे पुस्तक बाजारातून उठून काही आठवडे लोटले होते, त्याचे एवढे वाचक एका सकाळी कोठून आले?

त्या नासधुशीचे पाप ती करणाऱ्यांचेच. त्यातील कवडीचाही वाटा आम्ही प्रकाशकाच्या पदरी बांधणार नाही. मात्र त्याच्या स्वतःच्या खात्यावर दोन कर्जे उरतात. पहिले छापण्यापूर्वीचे: विद्यापीठाचे नाव मुखपृष्ठावर मिरविणाराने प्रत्येक विधानास ‘आधार काय?’ असे विचारलेच पाहिजे. दुसरे छापल्यानंतरचे: पुस्तक परत घेणे म्हणजे जबाबदारी घेणे नव्हे. सदोष वाक्य मागे घ्यावे, उरलेल्या ग्रंथाच्या पाठीशी उभे राहावे, आणि ज्यांचे केवळ आभार मानले त्यांच्या दाराशी जमाव येण्यापूर्वी ‘हे अक्षर आमचे आहे, यांचे नव्हे’ असे चारचौघांत सांगावे. राज्य सरकारने घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली उठविली व सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तो निर्णय कायम केला; परंतु फाटलेली पाने कोणत्याही निकालाने सांधली जात नाहीत.

कोणी म्हणेल, एवढा भार घातल्यास प्रकाशक भित्रे होतील. आम्हांस उलट वाटते. ज्याने छापण्यापूर्वी पुरावा तपासला, त्यालाच गर्दीपुढे ताठ उभे राहता येते; न तपासता छापणारा पहिल्या आरोळीस पळतो, आणि मार शेजाऱ्यास बसतो.