आखणीला मुदत घाला

शहरांच्या मोठ्या कामांची बातमी आली की तिच्यात तीन आकडे हमखास असतात. किती कोटी लागणार, किती किलोमीटर होणार आणि किती मिनिटे वाचणार. चौथा आकडा कुठेच छापून येत नाही. नकाशावर रेघ ओढली त्या दिवसापासून ती पुरी होईपर्यंत, किंवा पुसली जाईपर्यंत, जो शेतकरी तिच्याखाली अडकून पडला त्याची वर्षे किती गेली? पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हा चौथा आकडा मोजता येतो. म्हणून जिल्हा बैठकांच्या आधी त्याचा हिशेब मांडतो आहोत.

पुणे वाढले, नाशिक वाढले, मध्ये चाकणचा कारखान्यांचा पट्टा वाढला. नाशिक रस्ता रुंद झाला, मंचर-नारायणगावला बाह्यवळणे झाली, तरी गाड्या मावेनात. मग पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे पुढे आली. लांबी 235 किलोमीटर, 24 स्थानके, वेग ताशी 200 किलोमीटर, प्रवास पावणेदोन तासांचा, अंदाजे खर्च 16,039 कोटी रुपये. काम 'महारेल' या कंपनीकडे. 2021 मध्ये राज्य सरकारने मान्यता दिली. हवेली, खेड, आंबेगाव, जुन्नर, संगमनेर, सिन्नर असा मार्ग ठरला. मोजण्या झाल्या, दर काढले गेले, काही ठिकाणी थेट खरेदीखतेही झाली. पुढे खरेदी रेंगाळली.

आणि 2025 च्या डिसेंबरात रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी संसदेत सांगितले की नारायणगावकडून जाणारी ही आखणी सोडून दिली आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण लहरी त्या टिपतात. जवळून रेल्वे धावली तर त्या कामात अडथळा येईल, म्हणून गाडी अहिल्यानगर-शिर्डीकडून न्यायची.

दुर्बिणीशी आमचे वैर नाही. तिचे काम मोलाचे आहे आणि ते जगभर मानले जाते. पण ती काही 2021 नंतर उगवली नाही. ती 2001 मध्ये राष्ट्राला अर्पण झाली आणि बांधकाम तर त्याच्याही आधीचे. नकाशावर रेघ ओढणाऱ्याला ती दिसत होती. जे पहिल्या दिवशी विचारायला हवे होते, त्याचे उत्तर चार वर्षांनी संसदेत मिळाले. ही चार वर्षे कोणाच्या खात्यावर मांडायची? अधिकाऱ्याचा पगार थांबला नाही. सल्लागार कंपनीचे बिल थांबले नाही. थांबला तो शेतकरी.

थांबणे म्हणजे काय

मोजणीचे दगड रोवले गेले की त्या गटात विहीर खोदायला कोणी धजत नाही. पाइपलाइन टाकावी तर पैसे मातीत जाण्याची भीती. फळबाग लावावी तर ती फळाला येईपर्यंत आपण त्या जमिनीवर असू की नाही, ठाऊक नाही. गिऱ्हाईक येत नाही. आले तर पडेल भावाने मागते. भाऊ-भाऊ वाटप लांबणीवर टाकतात, कारण कोणाच्या वाट्याला रेघ येईल ते कळत नाही. लेकीच्या लग्नाला म्हणून मनात धरलेला अर्धा एकर विकता येत नाही. यातले एकही नुकसान पंचनाम्यात बसत नाही.

गंमत अशी की या भागातल्या लोकांना रेल्वे हवी होती. नारायणगावचा टोमॅटो, मंचर-जुन्नरचा कांदा लांबच्या बाजाराला लवकर पोचला असता. मार्ग बदलल्यावर जुन्या मार्गाची मागणी घेऊन लोक पुढे आले, ते यासाठीच. त्याच पट्ट्यातून औद्योगिक द्रुतगती महामार्गाची आणखी एक रेघ आली, तिला मात्र याच शेतकऱ्यांनी विरोध केला. म्हणजे शेतकरी विकासाच्या आडवा येतो हे म्हणणे खोटे आहे. शेतकरी हिशेब विचारतो. उद्या रेल्वेची रेघ फिरून जुन्नरकडे वळली, तरी गेलेल्या वर्षांचा हिशेब उरतोच.

कायद्याला घड्याळ आहे, खरेदीखताला नाही

2013 चा भूसंपादन कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू आहे. त्यात मुदती घातलेल्या आहेत. कलम 11 ची प्राथमिक अधिसूचना निघाल्यापासून 12 महिन्यांत कलम 19 ची घोषणा व्हावी लागते. घोषणेपासून 12 महिन्यांत कलम 25 प्रमाणे निवाडा व्हावा लागतो. नाहीतर संपादन रद्द होते. सरकारला मुदत वाढवता येते, पण तसे लेखी नोंदवून जाहीर करावे लागते. घेतलेली जमीन पाच वर्षे न वापरता पडून राहिली तर ती मूळ मालकाला किंवा सरकारी भूमिबँकेत परत जाण्याची तरतूद कलम 101 मध्ये आहे.

थेट खरेदीची गोष्ट वेगळी. तिच्यात पैसे जास्त दिसतात. ग्रामीण भागात बाजारभावाला दोनपर्यंतचा गुणक, त्यावर तेवढेच दिलासा मूल्य म्हणजे चारपट, आणि राज्याने थेट खरेदीला ठेवलेले 25 टक्के जादा धरून पाचपट. शेतकरी या आकड्याला राजी होतो, त्यात त्याचे काही चुकत नाही. पण थेट खरेदीत सरकारवर घड्याळ बांधलेले नाही. मोजणी आज, दर पुढच्या वर्षी, खरेदीखत पैसे आले तर. आणि कलम 101 बोलते ते या कायद्याखाली संपादन केलेल्या जमिनीबद्दल. स्वखुशीचे खरेदीखत केलेल्याला त्याचा आधार सरळ मिळत नाही. रेल्वे दुसरीकडे गेली तरी त्याची जमीन गेली ती गेलीच.

कोरडवाहूवाल्याचे यात काय

कापूस-ज्वारीवाले वाचक म्हणतील, हे पाण्यावरच्या लोकांचे दुखणे, आमचा काय संबंध? 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना असा कापसाच्या काळ्या रानातूनच गेला. त्याचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. 2024 मध्ये पुढे आलेल्या 802 किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत यवतमाळ, नांदेड, हिंगोली, परभणी, बीड, लातूर आहेत. रेघ तुमच्या बांधावर आली आहे किंवा येणार आहे.

शिवाय कोरडवाहूवाला दुप्पट मार खातो. सरकारी दरात जिरायत सर्वांत खाली. शेतकी शिक्षणात आम्ही जमिनीची खोली, निचरा, चुनखडी मोजायला शिकलो. मीटरभर खोल काळी जमीन साधारण 150 ते 200 मिलिमीटर पाणी पोटात धरते, म्हणजे एकरी सहा ते आठ लाख लिटर. त्या ओलीवर रब्बीची ज्वारी एका पाण्याशिवाय उभी राहते. सातबाऱ्यावर या पाण्याला रकाना नाही. विहिरीचे पाणी मोजतात, मातीचे मोजत नाहीत. शेजारचे मुरमाड रान आणि हे खोल रान, दोघांनाही एकच शब्द: जिरायत.

दुसरा मार भावाचा. जमिनीची किंमत तिच्यात पिकणाऱ्या मालावर ठरते. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये जाहीर झाला आणि त्याच हंगामाच्या तोंडावर, 19 ऑगस्ट 2025 पासून, आयात कापसावरचे 11 टक्के शुल्क वर्षअखेरपर्यंत काढून टाकले गेले. पिकाचा भाव असा दाबला की जमिनीचा भाव आपोआप दबतो. दाबलेल्या भावाची पाचपट म्हणजे न्याय नव्हे. आधी हात बांधायचे आणि मग मोजून पाच घास भरवायचे, असा हा प्रकार आहे.

आमच्या मागण्या

1. आखणी जाहीर होताना तिची अखेरची तारीख जाहीर व्हावी. त्या तारखेपर्यंत मोबदला न दिल्यास आखणी आपोआप रद्द व्हावी आणि मोजणीचे दगड सरकारने स्वतः उपटून न्यावेत.
2. आखणीखाली अडकलेल्या प्रत्येक वर्षासाठी शेतकऱ्याला भाडे मिळावे. प्रकल्प झाला तरी, रद्द झाला तरी.
3. प्रकल्प सुटला किंवा मार्ग बदलला, तर थेट खरेदीने दिलेली जमीन परत मागण्याचा हक्क खरेदीखतातच लिहिलेला असावा.
4. कोरडवाहू जमिनीची किंमत मातीची खोली तपासून ठरावी.
5. शेताचे तुकडे होणे आणि भरावामुळे ओढ्याचे पाणी अडून रान चिबडणे, यांची भरपाई वेगळी लिहून मिळावी. तुकड्यांच्या नुकसानीचा विचार कलम 28 मध्ये आहेच.

बैठकीपूर्वी एवढे करा

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. आपल्या हातातले आज करू. प्रत्येकाने आपला सातबारा काढून पाहावा. विहीर, बोअर, झाडे, सामाईक पाणी यांची नोंद आहे का? ई-पीक पाहणी दर हंगामाला स्वतः करावी. पाण्यावर पीक घेऊन नोंद जिरायत राहिली तर दर जिरायतीचाच लागतो. आणि खरेदीखतात खरी किंमत लिहावी. कलम 26 प्रमाणे दर काढताना मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी वरच्या भावाच्या निम्म्या खतांची सरासरी पाहतात. मुद्रांक वाचवायला आज शेजाऱ्याने किंमत कमी लिहिली, तर उद्या सबंध गावाचा दर त्याने कमी होतो.

शहरे वाढणार, पूल होणार, गाड्या धावणार. त्यांना जमीन लागेल, हेही खरे. ज्याला जमीन हवी त्याने भाव द्यावा आणि तारीख द्यावी. आपल्या गावातून कोणती आखणी गेली, कोणत्या साली मोजणी झाली, किती गट अडकले आणि किती वर्षे, याची यादी करून बैठकीला आणा. चौथा आकडा सरकार छापत नसेल, तर तो आपण छापू.