‘आवश्यक तेवढे’ म्हणजे किती क्युसेक?

खडकवासला, प्रतिनिधी : धरणाचे दरवाजे कधी व किती उघडावेत, याचा नियम कागदावर लिहिणे सोपे असते. ‘साठा आणि येवा पाहून आवश्यक तेवढा विसर्ग करावा’ अशा धर्तीचे वाक्य अनुभवी अभियंत्याला पुरते. संगणकाला मात्र ‘आवश्यक’ हा शब्द कळत नाही. त्याला पातळी, तास आणि क्युसेकचे आकडे लागतात. नियमातील संदिग्धता उघडी पडते ती इथेच.

जागतिक बँकेच्या साह्याने 2006 ते 2014 या काळात राबविलेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा व भीमा खोऱ्यांसाठी अशी संगणकीय प्रणाली उभारण्यात आली. पाऊस व नदीपातळीच्या नोंदींवरून येव्याचा अंदाज बांधायचा आणि विसर्गाचे पर्याय अधिकाऱ्यांपुढे ठेवायचे, हे तिचे सूत्र.

खडकवासल्यात चुकीला वाव फार थोडा आहे. टेमघर, वरसगाव, पानशेत व खडकवासला यांची एकत्रित क्षमता 29.15 टीएमसी, त्यात सर्वांत खाली असलेल्या खडकवासल्याचा वाटा अवघा 1.97 टीएमसी. 35 हजार क्युसेकचा येवा सुरू झाला, तर अर्धा टीएमसी मोकळी जागा चार तासांत संपते.

25 जुलै 2024 रोजी विसर्ग सुमारे 35 हजार क्युसेकवर गेला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. वेळेवर सूचना मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. ‘पूर्वसूचना द्यावी’ एवढेच लिहून भागत नाही. किती विसर्गापूर्वी, किती तास आधी आणि कोणी, हेही ठरवावे लागते.

मात्र आकडा ठरविणे हा निव्वळ तांत्रिक प्रश्न नाही. पुरासाठी जागा रिकामी ठेवावी, तर पुढे पाऊस रुसल्यास पुण्याचे पिण्याचे पाणी आणि दौंड-इंदापूरचे सिंचन अडचणीत येते. धरण लवकर भरून घ्यावे, तर नदीकाठ धोक्यात येतो. हा तोल कुठे साधायचा, याचा निर्णय धोरणकर्त्यांचा आहे. त्यांनी तो संदिग्ध ठेवला, तर प्रणाली लिहिणारा आपल्या समजुतीने आकडा भरणार आणि तोच नकळत धोरण ठरणार.

12 जुलै 1961 चा पानशेतचा प्रलय सोसलेल्या या शहराला तो आकडा आधी कळला पाहिजे. अभियंता, संगणक आणि नदीकाठचा रहिवासी या तिघांनाही एकाच अर्थाने वाचता येईल, असा नियम हवा.