शिल्लक कोणाची?



परीक्षा जवळ आली की वाणिज्य शाखेची मुले एकच तक्रार घेऊन येतात, "सर, ताळेबंद जुळत नाही." काही जण तर घाबरून एखादा आकडा बदलतात आणि दोन्ही बाजू सारख्या करून मोकळे होतात. तसे कधीही करू नका. हिशेब जुळवायचा असतो तो समजून. तो समजण्यासाठी प्रत्येक रकमेला दोनच प्रश्न विचारा. हे पैसे कोणाचे? आणि कोणत्या वर्षाचे?

या दोन प्रश्नांचे मोल मला एका बुद्धविहाराच्या वार्षिक सभेत कळले. एप्रिलचा पहिला आठवडा होता. कोषाध्यक्ष काका कारखान्यातून निवृत्त झालेले, शिक्षण सातवी. त्यांनी वही वाचली आणि शेवटी सांगितले, "हातात शिल्लक बावीस हजार." लगेच तरुण मुले म्हणाली, "मग जयंतीला मोठे ध्वनिवर्धक आणू." काका म्हणाले, "ते पैसे आपले नाहीत." त्यावर एकजण बोलून गेला, "आपले नाहीत, मग काय तुमचे आहेत?"

सभा गप्प झाली. काकांनी वही सतरंजीवर ठेवली आणि तिच्यावर कपाटाच्या किल्ल्या ठेवल्या. त्यांचे म्हणणे खरे होते, पण ते मांडता येत नव्हते. तेव्हा मागे बसलेली बारावीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "काका, वही मी बघू का?"

त्या वहीवरूनच आजचे पहिले उदाहरण बेतले आहे. आकडे सोपे केले आहेत आणि वर्ष चालू अभ्यासक्रमाला सोयीचे घेतले आहे.

उदाहरण १ : विहार समितीचे हिशेब

३१ मार्च २०२६ रोजी संपणाऱ्या वर्षाची रोख जमा आणि खर्च पुढीलप्रमाणे आहे.

जमा : सुरुवातीची शिल्लक रु. १८,०००, वर्गणी रु. ४२,०००, सर्वसाधारण दान रु. १५,०००, ग्रंथालयाच्या खोलीसाठी दान रु. ६०,०००. एकूण रु. १,३५,०००.

खर्च : वीज व पाणी रु. ९,०००, जयंती रु. २२,०००, मुलांचे धम्मवर्ग रु. ८,०००, लोखंडी कपाटे रु. २४,०००, खोलीचे बांधकाम रु. ५०,०००. एकूण रु. १,१३,०००. अखेरची शिल्लक रु. २२,०००.

जादा माहिती : (१) वर्गणीत मागील वर्षाचे रु. ३,००० आणि पुढील वर्षाचे आगाऊ रु. २,००० आहेत. (२) या वर्षाची रु. ४,००० वर्गणी येणे आहे. (३) विजेचे रु. १,००० देणे आहे. (४) कपाटे १ ऑक्टोबर २०२५ रोजी घेतली. घसारा दरसाल १० टक्के. (५) खोलीचे काम अपुरे आहे. वर्षाच्या सुरुवातीला रोख शिल्लक व येणे वर्गणी यांखेरीज काही नव्हते.

उत्पन्न-खर्च खाते व ताळेबंद तयार करा.

सोडवणूक. आधी वर्गणी घ्या. आलेल्या ४२,००० मधून मागील वर्षाचे ३,००० व पुढील वर्षाचे २,००० वजा करा, येणे असलेले ४,००० मिळवा. या वर्षाची वर्गणी आली ४१,०००. त्यात सर्वसाधारण दान १५,००० मिळवले की उत्पन्न रु. ५६,०००.

ग्रंथालयाचे ६०,००० उत्पन्नात का घेतले नाहीत? कारण देणाऱ्याने हेतू सांगून दिले आहेत. घरकाम करणाऱ्या आयाबहिणींनी दहा-वीस रुपये काढून दिले ते मुलांना अभ्यासाला जागा व्हावी म्हणून. ती रक्कम ताळेबंदात स्वतंत्र निधी म्हणून दाखवायची. बहुतेक मुलांचे गुण येथेच जातात.

आता खर्च. वीज-पाणी ९,००० अधिक देणे १,००० मिळून १०,०००. जयंती २२,०००. धम्मवर्ग ८,०००. कपाटे वर्षानुवर्षे वापरायची, म्हणून तो भांडवली खर्च. या खात्यात फक्त सहा महिन्यांचा घसारा यायचा, तो १,२००. एकूण खर्च रु. ४१,२००. वाढावा रु. १४,८००.

ताळेबंद असा :

देयता बाजू – भांडवल निधी ३५,८०० (सुरुवातीचा २१,००० अधिक वाढावा १४,८००). ग्रंथालय निधी ६०,०००. आगाऊ वर्गणी २,०००. वीज देणे १,०००. एकूण रु. ९८,८००.

मालमत्ता बाजू – रोख २२,०००, कपाटे २२,८००, अपुरे बांधकाम ५०,०००, येणे वर्गणी ४,०००. एकूण रु. ९८,८००.

सुरुवातीचा भांडवल निधी २१,००० कसा? रोख १८,००० अधिक त्या वेळी येणे असलेली वर्गणी ३,०००. अशा कार्यटिपा उत्तरपत्रिकेत अवश्य लिहा.

त्या मुलीने वहीच्या मागच्या पानावर एवढेच मांडले आणि सभेला सांगितले, "बावीस हजारांत दहा हजार ग्रंथालयाचे, दोन हजार पुढच्या वर्षाचे, एक हजार विजेचे. या समितीला मोकळेपणाने खर्च करता येतील असे नऊ हजारच." ज्याने काकांना टोचून बोलले होते, त्यानेच किल्ल्या उचलून काकांच्या हाती दिल्या. त्या वर्षी ध्वनिवर्धक लहान आला आणि खोलीचे काम पुढे गेले.

नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला कायद्याने हिशेब ठेवावे लागतात व ते तपासून घ्यावे लागतात. पण कायद्याच्या आधी माणसांचा विश्वास असतो. काकांनी पै न् पै जपली होती, तरी हिशेबाची भाषा ठाऊक नसल्याने त्यांच्यावर बोट उठले. ही भाषा आपल्या घराघरांत यावी यासाठीच ही उदाहरणे.

उदाहरण २ : आईचे उत्पन्न

तेच दोन प्रश्न आता आयकराला लावू. एका विद्यार्थिनीची आई नगरपालिकेत सफाई कामगार आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ मधील माहिती : एकूण पगार रु. ७,२०,०००, मुदत ठेवीवरील व्याज रु. १५,०००, मुलीची शिष्यवृत्ती रु. १२,००० (आईच्या खात्यात जमा). मामाने परत केलेले हातउसने रु. ३०,०००. भविष्य निर्वाह निधी रु. ९६,०००, आयुर्विमा हप्ता रु. २४,०००, व्यवसाय कर रु. २,५००. दोन्ही करप्रणालींनुसार कर काढा.

सोडवणूक. खात्यात आले ते सगळे उत्पन्न नव्हे. हातउसने परत आले, ते आपलेच पैसे होते. शिष्यवृत्ती मुलीच्या शिक्षणासाठी आहे आणि शिक्षणाच्या खर्चासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करमुक्त असते. या दोन्ही रकमा बाजूला ठेवा. पगाराचा आकडा मात्र पासबुकातून घेऊ नका. तेथे कपात होऊन उरलेली रक्कम दिसते. एकूण पगार फॉर्म १६ वरून घ्यावा. म्हणून विचारात घ्यायची रक्कम ७,२०,००० अधिक १५,०००, म्हणजे रु. ७,३५,०००.

नवी प्रणाली : प्रमाणित वजावट ७५,००० गेली, उरले ६,६०,०००. पहिल्या ४ लाखांवर कर नाही. पुढील २,६०,००० वर ५ टक्के, म्हणजे १३,०००. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने तेवढीच करसवलत मिळते. कर शून्य.

जुनी प्रणाली : प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, तसेच निधी व विमा मिळून १,२०,००० वजा केले की उरतात ५,६२,५००. पहिल्या अडीच लाखांवर कर नाही. पुढील अडीच लाखांवर ५ टक्क्यांनी १२,५००. राहिलेल्या ६२,५०० वर २० टक्क्यांनी १२,५००. कर २५,०००, त्यावर ४ टक्के उपकर १,०००. एकूण रु. २६,०००.

आईला नवी प्रणाली फायद्याची. पण कर शून्य आला म्हणून विवरणपत्र भरायचे नाही, असे समजू नका. उत्पन्न ४ लाखांच्या वर आहे, म्हणून ते भरावेच लागते. "मी परतावा मिळवून देतो" म्हणत खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांपासून आईवडिलांना सावध करा. विवरणपत्र त्यांच्या नावाचे असते आणि जबाबही त्यांनाच द्यावा लागतो.

एक लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू आहे आणि त्यात 'कर वर्ष' असा शब्द आहे. २०२५-२६ च्या उत्पन्नाला मात्र १९६१ चाच कायदा लागतो.

घरी सोडवा

(१) पहिल्या उदाहरणात कपाटे १ एप्रिल २०२५ रोजी घेतली असती तर? (उत्तर : वाढावा रु. १३,६००, ताळेबंद रु. ९७,६००.)

(२) पगार रु. १२,७५,००० आणि ठेवीवरील व्याज रु. १०,००० असेल तर नव्या प्रणालीने कर किती? (उत्तर : सीमांत सवलतीनंतर उपकरासह रु. १०,४००. व्याज नसते तर शून्य.)

मित्रांनो, वाणिज्य शाखा आपल्यासाठी नाही असे कोणी म्हणाले तर त्याला सांगा, बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. आणि भगवान बुद्धांनी व्यग्घपज्ज सुत्तात गृहस्थाला हेच सांगितले की, तागडी धरणारा जसे पारडे जाणतो तशी आपली आवक आणि जावक जाणून राहा.

या रविवारी आपल्या विहाराची वही मागून घ्या. कोषाध्यक्षांशेजारी बसा आणि उत्पन्न-खर्च खाते तयार करा. परीक्षेचा सराव होईल आणि एखाद्या काकांना सभेत मान खाली घालावी लागणार नाही.

जयभीम!