मामांचा कॉम्प्युटर आणि माझं डोंगल

मागच्या महिन्यात ग्वाल्हेरहून मामांचा फोन आला. आवाज पडलेला. "अरे, हा कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी आपोआप बंद होऊन परत सुरू होतोय. दुकानवाला म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल."

माझ्या पोटात गोळाच आला. मामा दोन वर्षांपासून आजोबांच्या आठवणी टाइप करताहेत. १४० पानं झालीत, सगळी त्या एकाच कॉम्प्युटरवर. दुसरी प्रत कुठेही नाही.

"मामा, तूर्त कुणालाही हात लावू देऊ नका. इतक्यात नवीन काय जोडलंत?"

"तू पाठवलेलं वायफायचं डोंगल. ड्रायव्हर नेटवरून घेतला. तूच म्हणालास ना?"

म्हणालो होतो. नेटवर नेमका कुठून घ्यायचा, ते सांगायचं राहिलं होतं.

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि यंत्र यांच्यातला दुभाषा. बरेचसे ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतात, म्हणून तिथे एक चुकला की सगळंच थांबतं. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले, ते असंच. (धूळ, तापलेला प्रोसेसर, ढिली रॅम यांनीही मशीन रिस्टार्ट होतं, पण आधी नव्या पाहुण्यावर संशय घ्यावा.)

खरं तर बिघाड होताच विंडोज निळ्या पडद्यावर कारण लिहितं. पण लगेच रिस्टार्ट होत असल्यामुळे ते वाचायला मिळत नाही. म्हणून मामांना 'धिस पीसी'च्या प्रॉपर्टीजमधून अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, तिथून 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त नेलं आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण काढायला लावली. पुढच्या वेळी निळा पडदा तसाच राहिला. मामा चष्मा सावरत एकेक अक्षर वाचत होते. खाली बिघडलेल्या फाइलचं नाव होतं. ती डोंगलच्या ड्रायव्हरचीच निघाली.

मग सेफ मोड. शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रिस्टार्ट आणि ४ चा आकडा. यात विंडोज जेमतेम गरजेचे ड्रायव्हर घेऊन उठतं. दहा मिनिटं गेली, वीस गेली, मशीन शांत. पहिलं काम, १४० पानं पेनड्राइव्हवर. दुरुस्ती नंतर. हा क्रम मी कधीच बदलत नाही.

शेवटी डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलवर राइट-क्लिक करून 'अनइन्स्टॉल', सोबत ड्रायव्हरही काढून टाकायच्या चौकटीत खूण. मग कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर. डोंगल बिचारं निर्दोष होतं.

यात पाऊण तास गेला. पेनड्राइव्ह आता मामींनी देवघरातल्या डब्यात ठेवलाय आणि दर रविवारी मामा तो त्यांच्याकडून मागून घेतात.