डोंगरवाटांचा वाफसा

माणसाची आवडनिवड सर्वस्वी त्याची स्वतःची असते, असे आपण सहज मानतो. वस्तुतः ज्या भूमीवर तो वाढतो तिचा त्या आवडीत मोठा वाटा असतो. कोकणातल्या माणसाला भाताची आणि देशावरच्या माणसाला भाकरीची गोडी वाटते, ती जिभेच्या स्वभावामुळे नव्हे, तर जमीन आणि पाऊसमान यांच्या स्वभावामुळे. हाच न्याय खेळांनाही लागू पडतो. आणि डोंगरी सायकलस्वारीला तर तो इतका तंतोतंत लागू पडतो की, एखाद्या स्वाराला कोणती वाट आवडते हे कळले, की तो कोणत्या मातीत शिकला हे बहुधा सांगता यावे. हा विषय काही हौशी तरुणांचा म्हणून बाजूस सारण्याजोगा नाही. सह्याद्रीच्या वाटांवर आता या सायकली दिसतात, आणि राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरणही जाहीर केले आहे. तेव्हा या वाटा कोणी आणि कोणत्या नियमांनी आखाव्यात, हा प्रश्न सार्वजनिक झाला आहे.

या खेळाचा जन्मच मुळी एका विशिष्ट मातीत झाला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मरिन नावाचा परगणा आहे. तेथील उन्हाळा दीर्घ आणि कोरडा. डोंगरांवर वणवा विझविण्याच्या सोयीसाठी काढलेले कच्चे रस्ते. खाली टणक जमीन आणि वर सैल खडे व धूळ यांचा थर. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये काही तरुणांनी तेथील एका उतरणीवर शर्यत भरविली. दोन मैलांच्या आत सुमारे तेराशे फूट खाली नेणारी ती उतरण. जुन्या, जड, रुंद टायरांच्या सायकलींचे मागील चाकातले ब्रेक त्या उतारावर इतके तापत की आतील वंगणाचा धूर होई आणि शर्यतीनंतर ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून त्या वाटेलाच ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असे नाव पडले. पुढे जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची आदी मंडळींनी ज्या नव्या सायकली घडविल्या, त्यांचा मजबूत सांगाडा, रुंद टायर आणि खात्रीचे ब्रेक ही सारी त्या सुक्या, भरधाव उतारांची मागणी होती. १९९६ साली हा खेळ अटलांटा ऑलिंपिकमध्ये दाखल झाला, तरी त्याची जन्मखूण ही अशी मातीतली आहे.

पण हीच सायकल दुसऱ्या भूमीवर गेली आणि तिच्या स्वाराची अभिरुची पालटली. युटा राज्यातील मोआब गावाजवळ वालुकाश्माचे उघडे, गुळगुळीत दिसणारे उंचवटे पसरले आहेत. घोड्यांच्या लोखंडी नालांना ते निसरडे वाटले म्हणून त्यांना ‘निसरडा खडक’ असे नाव पडले. पण रबराच्या टायरला त्या खरखरीत दगडासारखी पकड अन्यत्र क्वचितच मिळते. १९६९ साली मोटरसायकलींसाठी आखलेली तेथील वाट पुढे सायकलस्वारांचे तीर्थस्थान झाली आणि युरेनियमच्या खाणी ओसरल्यावर त्या गावाला तिचा आधार मिळाला. तेथे वाट म्हणजे पायाखालची पाऊलखूण नव्हे, तर खडकावर रंगविलेल्या रेघा. भिंतीसारखे चढ चाकाची पकड न सुटता चढून जावेत, यातच तेथील स्वाराला धन्यता वाटते.

याच्या अगदी उलट प्रकार कॅनडातील व्हँकूव्हर शहराच्या उत्तरेकडील डोंगरांत आढळतो. तेथे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. अरण्य घनदाट, माती मऊ व काळसर, झाडांची मुळे उघडी पडलेली आणि दगड ओले. अशा भूमीवर वेगाचे कौतुक काय कामाचे? १९९० च्या दशकात तेथील वाटकऱ्यांनी पडलेल्या देवदारवर्गीय वृक्षांच्या फळ्या पाडून दलदलीवरून शिडीसारखे अरुंद पूल टाकले. तोल, धीर आणि संथ गती हीच तेथील स्वाराची कसोटी ठरली. दलदल ओलांडण्याची ही युक्ती पुढे स्वतंत्र क्रीडाप्रकारच होऊन बसली. वेल्समधील कोएड-अ-ब्रेनिन या वनक्षेत्रात पावसाला तिसरे उत्तर मिळाले. बाराही महिने चिखल ठरलेला, म्हणून तेथे दगड रचून, ठेचून, पाण्याला वाट काढून देणाऱ्या पक्क्या सायकलवाटा बांधल्या गेल्या. तिन्ही ठिकाणी सायकल जवळजवळ तीच. मात्र आवड तीन प्रकारची.

टायरदेखील हीच साक्ष देतात. ओल्या, चिकट मातीसाठी रबरी दाते उंच आणि विरळ असावे लागतात, म्हणजे त्यांत अडकलेला चिखल फिरत्या चाकातून झडून जातो. कठीण, कोरड्या जमिनीवर ते बुटके आणि दाट असलेले बरे. हवेचा दाबही खडकावर वेगळा आणि वाळूत वेगळा. एका गावचा जाणता स्वार दुसऱ्या गावी नवशिक्यासारखा धडपडतो, त्याचे कारण त्याचे कौशल्य खोटे असते हे नव्हे; ते कौशल्य एका मातीशी बांधलेले असते, हे आहे.

आता आपल्या सह्याद्रीकडे पाहावे. येथे ज्वालामुखीच्या थरांवर थर बसून डोंगराला पायऱ्या पडल्या आहेत. त्यावर कोठे मुरूम, कोठे काळी माती, तर माथ्यावर आणि कोकणच्या बाजूला जांभा. शिवाय आपल्याकडे एकच वाट वर्षातून तीनदा रूप पालटते. पावसाळ्यात काळी माती चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये अशी गच्च बसते की सायकल खांद्यावर घेण्यावाचून गत्यंतर नसते, आणि जांभ्यावर शेवाळ धरते. दिवाळीच्या सुमारास तीच वाट घट्ट आणि सुखाची होते. चैत्र उजाडेपर्यंत मुरूम सुटून तिचा घसारा होतो आणि कठीण कातळावर पसरलेले ते खडे चाकाखालून छऱ्यांसारखे निसटतात. अशा भूमीत घडलेल्या स्वाराची आवड ही केवळ जागेची नसते, ती ऋतूचीही असते.

या ऋतुज्ञानासाठी आपल्या शेतकऱ्याने एक अचूक शब्द केव्हाच घडविला आहे. तो शब्द म्हणजे वाफसा. जमीन फार ओली नाही आणि फार सुकलेलीही नाही, औत घातले असता ढेकूळ न निघता माती मोकळी होते, ती ही अवस्था. पाश्चात्त्य सायकलस्वारही पाऊस पडून गेल्यानंतरच्या याच मातीची आतुरतेने वाट पाहतात. त्यांच्या बोलीत ती ‘वीरांची माती’, कारण तिच्यावर सामान्य स्वारही वीर भासतो. परंतु शेतकरी वाफसा पाहतो तो सुखासाठी नव्हे. वाफसा नसताना औत घातले तर जमीन बिघडते, हे तो जाणतो. सायकलवाटेचेही तसेच आहे. ओल्या मातीत पावलाचा ठसा तुटक उमटतो. चाकाची चाकोरी मात्र सलग असते, आणि सलग चाकोरी म्हणजे पाण्याला दिलेले आमंत्रण. जेथे महाबळेश्वरासारख्या ठिकाणी एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे अशा चाकोरीचा ओहोळ होण्यास कितीसा अवधी लागणार?

म्हणूनच परदेशातील वाटेचा तयार नमुना येथे आणून यंत्राने कोरावा, ही कल्पना धोक्याची आहे. आज जगभर एकाच धाटणीच्या, गुळगुळीत, वळणावळणाच्या वाटा यंत्रांनी पाडल्या जात आहेत. त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. नवशिक्यांना, मुलांना आणि अपघाताच्या भीतीने दूर राहणाऱ्यांना त्या वाटांनी हा खेळ खुला केला, हे मान्यच करावयास हवे. एखाद्या पडीक, आधीच उकरलेल्या टेकडीवर तशी वाट झाली तर कोणी तक्रार करू नये. परंतु मुरमाच्या कड्यावर किंवा जांभ्याच्या सड्यावर ती पाडणे म्हणजे वेल्सचे औषध वेगळ्याच रोग्याला देणे होय. सड्यावर मातीचा थर बोटभर असतो, आणि त्यावर पावसाळ्यापुरती जगणारी, काही तर कीटक खाऊन जगणारी, वनस्पतींची सृष्टी उभी राहते. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले ते उगीच नव्हे. मोआबच्या परिसरातही वाळूवर सूक्ष्म जीवांचे एक काळसर कवच असते. ते एकदा मोडले की भरून येण्यास दशके लागतात. म्हणून तेथे ‘खडकावरच राहा, वाट सोडू नका’ हा पहिला धडा असतो. आपल्या सड्यांसाठी असा धडा आपण अजून सर्वांच्या अंगवळणी पाडलेला नाही.

करण्यासारखे फार अवघड नाही. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक असू नये, आणि तिने पाण्याला सोबत घेऊन न धावता ठिकठिकाणी त्याला बाहेर सोडावे, हा वाटबांधणीचा सर्वमान्य ठोकताळा येथेही पाळावा. भर पावसात मातीच्या वाटा बंद ठेवाव्यात आणि त्या केव्हा उघडावयाच्या हे दिनदर्शिकेने नव्हे, तर त्या त्या गावच्या माणसांनी वाफसा पाहून ठरवावे. सडे चाकांना वर्ज्य असावेत. नाणेघाटासारख्या प्राचीन घाटवाटांवर यंत्र चालवू नये. आणि या व्यवस्थेचा मोबदला वाट राखणाऱ्या गावाला मिळावा; कारण डोंगर ओळखणे हेही एक कसब आहे आणि ते फुकट मागण्याचा शहराला अधिकार नाही.

कॅलिफोर्नियातील धूळ, युटातील खडक आणि कॅनडातील चिखल यांनी आपापले स्वार घडविले, कारण तेथील लोकांनी प्रथम आपल्या जमिनीचे ऐकले. सह्याद्रीलाही स्वतःचा स्वार घडविता येईल. तो कदाचित जगात सर्वांत वेगवान असणार नाही. परंतु पाऊस उघडल्यावर वाटेच्या तोंडाशी थांबून मूठभर माती हातात घेईल, ती दाबून पाहील, आणि वाफसा नसेल तर मुकाट्याने सायकल वळवील. या भूमीला जाणता म्हणून तोच शोभेल.